बांधावरची बुरशी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा माणूस रोज सकाळी समुद्र चाखून बघतो.

आणि हे बीडमध्ये. नळाला पाणी कधी येणार हे ज्योतिषालाही सांगता येत नाही, त्या बीडमध्ये. गच्चीवर पत्र्याच्या सावलीत दोन निळी पिंपं आहेत. सकाळी लुंगी-बनियनवर सर येतात, पिंपाचं झाकण बाजूला करतात, करंगळी बुडवतात, जिभेला लावतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. "आज समुद्र अळणी हाय." किंवा, "आज लई खारट झालाय. उन्हानं आटला." हे कुणाला सांगतात ते आम्हाला बरेच दिवस कळलं नव्हतं, कारण गच्चीवर त्यांच्याशिवाय कुणीच नसतं. मग मुठीनं जाडं मीठ आत पडतं, कागदाच्या पुड्यांतली कसली तरी पांढरी पूड पडते आणि बांबूनं ढवळल्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. त्या आवाजाबरोबर माझ्या बायकोच्या, मंगलच्या, तोंडाचा पट्टा सुरू होतो. ती जिन्याच्या तळाशी कमरेवर हात ठेवून उभी राहते.

"सर! गावाला प्यायला पाणी न्हाई, अन् हे बाबा गोड्या पाण्यात मीठ कालवायलेत!"

वरून शांतपणे उत्तर येतं, "वहिनी, मासोळीला बी पाणीच लागतं."

"मासोळी कुठंय वर?"

"मासोळी न्हाई. बुरशी हाय."

यावर मंगल कमरेवरचे हात काढून आत निघून जाई. तिनं अशी माघार घेतली असं आयुष्यात फार कमी वेळा झालेलं आहे.

हे गायसमुद्रे सर. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, आता निवृत्त. लग्न केलं नाही. राहून गेलं म्हणतात, एखादी बस चुकावी तसं. आडनावातच समुद्र आहे म्हणून कुणी हसलं, तर म्हणत, "आडनावात गाय बी हाय. ती कुठं पाळलीय मी?"

मी स्वतः मोजणी खात्यातून निवृत्त झालो. जन्मभर लोकांच्या बांधांवर उन्हात उभा राहिलो. माणसाबद्दल फार आशा धरू नये, एवढं शिक्षण त्या नोकरीनं मला फुकट दिलं. वीतभर मातीसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या आईचा उद्धार करतात, आणि दोघांची आई एकच असते. ती शेजारीच पदर तोंडाला लावून उभी असते. हे बघत बघत माझे केस गेले. त्यामुळे वरच्या मजल्यावर समुद्र झाला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. माणसं याहून वाईट गोष्टी करतात.

सरांनी समुद्र एकदाच पाहिला. पाहिला म्हणणंही खरं नाही. कॉलेजची सहल कोकणात गेली होती. पोरं-पोरी पाण्यात, बाकीचे प्राध्यापक नारळपाण्यात, आणि सर खारफुटीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतलेले. दोन कोळ्यांनी ओढून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "माझा डबा कुठंय?" जेवणाच्या डब्यात त्यांनी एक कुजकं लाकूड ठेवलं होतं. परतीच्या प्रवासात बसमध्ये असा वास सुटला, की कंडक्टरनं प्रत्येकाची पिशवी हुंगली म्हणे. सरांनी डबा मांडीवर घेऊन झोपेचं सोंग केलं. त्या लाकडावर काळपट बुरशी होती, आणि सर तिच्यासाठी बीडमध्ये समुद्र करायला लागले.

"बुरशी? भाकरीवर येती ती?" मी विचारलं होतं.

"तिची मावसबहीण."

"मग समुद्रापर्यंत कशाला गेलतात? इथं काय कमी बुरशी हाय?"

"मोजणीसाहेब," ते म्हणाले, मला ते याच नावानं हाक मारतात, "गावातल्या गुंडाला गावातला माणूस हटकतो का? बाहेरगावचा हवालदार लागतो."

गुंड म्हणजे तुरीवरची मर. हा रोग ज्यानं पाहिला त्याला समजावून सांगावं लागत नाही. तूर छातीइतकी वाढते, पिवळ्या फुलांनी भरते, आणि एके दिवशी उभ्याउभ्या वाळते. जमिनीत ओल असते, तरी वाळते. मातीतली एक बुरशी मुळातून आत शिरते आणि झाडाची पाण्याची वाट बंद करते. औषध वरून फवारावं तर रोग खाली. सरांचं म्हणणं होतं की समुद्रातली बुरशी या मातीतल्या बुरशीला आवरील. म्हणून घरात काचेच्या बश्या, बटाट्याचं पाणी, साखर, किराणा दुकानातलं चायना ग्रास, आणि स्वयंपाकाचे दोन कुकर. त्यातल्या एका कुकरात डाळ शिजायची आणि दुसऱ्यात बश्या. कोणता कुठला हे त्यांच्या लक्षात राहतं का, हे मी कधी विचारलं नाही. त्यांच्याकडे जेवायचं मात्र मी टाळलं.

पण बुरशी काही करीना. वाढायची मस्त, बशीभर पसरायची, आणि नुसती बसून राहायची. तिच्याशेजारी मरीची बुरशी ठेवली तर तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. सर वैतागले. "एकटं ठेवलं की आळशी होतंय," हे त्यांचं पालुपद झालं. भाजी चिरताना, जिना उतरताना, बँकेच्या रांगेत, "एकटं ठेवलं की आळशी होतंय, मोजणीसाहेब." एकटा राहणारा माणूस हे सारखं म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्यानं दुसरीकडे बघावं. मी बघायचो.

इथे सरांच्या थोरल्या भावाला आणायला हवं. उत्तमदादा. नेकनूरकडे त्यांचं वडिलोपार्जित रान आहे, दोघांत वाटून घेतलेलं. सरांचा वाटा एका गड्याकडे अर्धलीनं, म्हणजे निम्म्या पिकावर, दादाचा दादा स्वतः करतो आणि रानातच घर करून राहतो. पोरपणी दादानं ऊस तोडला म्हणून सर शिकले, हे सर सांगतात. दादा सांगत नाही. दादा फक्त एवढंच सांगतो की बांध सरांनी कोरला. आणि सर सांगतात की दादानं कोरला. नांगर फिरवताना बांधाची माती थोडी थोडी आपल्याकडे ओढायची, याला आमच्याकडे बांध कोरणं म्हणतात, आणि बीड जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्याही कलेत माणसं इतकी तरबेज नाहीत.

गच्चीवर सर कुणाशी बोलत, ते असं उलगडलं. फोन पिंपाशेजारच्या विटेवर ठेवलेला असे आणि पलीकडे दादा असे. रोज सकाळी. एकदा मी पापड वाळत घालायला गेलो तेव्हा सगळं ऐकलं.

"जय भीम, दादा."

"जय भीम. हायस का अजून?"

"हाय. बांध किती कोरलास?"

"माझा हाय. कोरीन, न्हाई तर कडंवर घिऊन फिरीन. तू कोण इचारणारा बे?"

"आज समुद्र अळणी हाय."

"मग बूड त्याच्यात."

आणि फोन बंद. सरांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, कुणी न्याहारी करून ढेकर द्यावी तसं. मला वाटलं, आपण इथे कामाला येऊ. मी म्हणालो, "सर, माझी खात्यात अजून वळख हाय. मोजणी करून घ्या. दगड रोवून देतो, कायमचं मिटंल."

सरांचा चेहरा उतरला. "मिटवून काय करू?" ते म्हणाले. "दगड रोवला की तो त्याच्या रानात, मी माझ्या. मग रोज सकाळी बोलायचं काय? हवापाण्यावर?"

पुढे एका रविवारी मी त्यांच्याबरोबर रानात गेलो तेव्हा दादानंही मला आपादमस्तक बघून घेतलं. "तुमी मोजणीवाले ना? मग चहा घ्या अन् इथनं पाय उचला." दोघा भावांचं एकमत झालेलं मी पाहिलं ते एवढ्या एका बाबतीत.

त्याच रविवारी भांडण रंगात आलं आणि दादानं ढेकूळ उचलून सरांना फेकून मारलं. ते सरांच्या खिशावर फुटलं. माती खिशात गेली, खिशातून हाताला लागली, हातावरून बशीत गेली. चार-आठ दिवसांनी सर आमच्याकडे धावत खाली आले, हातात बशी. एका बाजूला काळी बुरशी, दुसऱ्या बाजूला मातीतून आलेल्या जिवाणूंचा पांढरा डाग. आणि दोघं जिथे भिडले तिथे तपकिरी रेघ. त्या रेघेतला रस मरीच्या बुरशीवर टाकला तर ती जागच्या जागी थांबली.

"बांध!" सर ओरडत होते. "बांध पडला, मोजणीसाहेब! शेजारी रेटायला लागला तवा कुठं हिला जाग आली. ह्यो रस एकटीनं कधीच काढला नसता. बांधावर भांडण लागलं अन् त्याच्यातनं औषध निघालं!"

जन्मभर मी बांधांवरची भांडणं पाहिली. त्यातून कोर्टाच्या तारखा निघाल्या, डोक्याला टाके निघाले. औषध निघाल्याचं पहिल्यांदाच ऐकलं. त्या जिवाणूला सरांनी 'दादा' नाव दिलं. मग रोज जिन्यातून बातम्या यायला लागल्या. "दादा आज जोरात हाय." "दादानं निम्मी बशी खाल्ली." मंगलच्या माहेरच्यांनी हे ऐकलं आणि त्यांना वाटलं वर कुणी गुंड राहतो.

आता राहिलं एकच. दादाच्या रानात, बांधालगत, तुरीला दरवर्षी मर लागायची. सरांना ते औषध तिथे टाकायचं होतं. आपल्या वाट्यात त्यांनी टाकून बघितलं, तूर बरी राहिली. दादा बांधावरून बघून म्हणाला, "तुझ्यात मर न्हवतीच. दुखणं न्हाई तिथं कोण बी वैद." आणि आपल्या रानात मात्र टाकू देईना. कारण सरळ होतं, आणि खरं सांगायचं तर बरोबरही होतं. "समुद्राचं खारं पाणी माझ्या रानात? रान मिठवून मारतोस का बे?" खारवट झालेल्या जमिनी मी मोजल्या आहेत. त्यावर पांढरी खपली धरते आणि कुसळही उगवत नाही.

म्हणून सरांनी समुद्र गोडा करायला घेतला. बुरशीला मिठाची सवय, ती एकदम तोडली तर मरेल. म्हणून दर खेपेला थोडं मीठ कमी. रोजचं चाखणं त्यासाठी होतं. पहिल्या पिंपात खरा समुद्र आणि दुसऱ्यात गोडा होत चाललेला. कितीदा बुरशी रुसली, कितीदा पहिल्यापासून. वर्षं गेली. सर निवृत्त झाले, त्यांच्या सत्काराच्या वेळी त्यांनी भाषणात फक्त मिठाबद्दल सांगितलं. मी त्यांना एकदा विचारलं, एवढं कशासाठी करताय? पेटंट घ्यायचंय? पेपरात नाव यायला पाहिजे?

ते म्हणाले, "दादानं एकदा 'टाक' म्हणावं. एवढाच शब्द पाहिजे मला. त्याच्या तोंडातनं."

समुद्र किती गोडा झाला, याचा निकाल आमच्या घरात लागला. नळ आला नव्हता, आणि मंगलच्या भावाकडचे पाहुणे दाराशी. मंगलनं वर जाऊन समोरच्या, म्हणजे दुसऱ्या पिंपातून दोन बादल्या आणल्या आणि त्यात वरण शिजवलं, भात शिजवला. मला नंतर सांगितलं, कुठल्या पिंपातून ते. मी हात जोडून बसलो. पाहुण्यांनी पहिला घास घेतला, एकमेकांकडे बघितलं, आणि त्यातले वडीलधारे समजूतदारपणे म्हणाले, "बोरचं पाणी दिसतंय. आमच्याकडं बी असंच हाय." आणि सगळे पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी पोटं जरा ढिली झाली, पण ते त्यांनी श्रीखंडावर ढकललं.

सर हे ऐकून खाली आले. रागावतील म्हणून मंगल आत गेली. ते म्हणाले, "डाळ शिजली का नीट?" आणि तिथूनच दादाला फोन. "दादा! माणसं जेवली त्याच्यात! रान कशाला मरतंय?"

पलीकडून आवाज आला, "माणसं काय बी खातात. रान न्हाई खात." पण नेहमीसारखा फोन लगेच बंद झाला नाही. जरा वेळानं दादा म्हणाला, "औंदा तूर पेरू दे. बघू."

त्या 'बघू'वर सर दोन महिने जगले. त्या काळात त्यांनी मंगलला जिन्यात चक्क हसून उत्तरं दिली, आणि मंगल म्हणाली, "ह्यांना काहीतरी झालंय."

ज्याला व्हायचं होतं त्याला झालं. एका सकाळी फोन दादाच्या बायकोनं, वहिनींनी उचलला. "भाऊजी, ह्यांचं तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलना. बोलता येईना."

शहरातल्या दवाखान्यात होते बरेच दिवस. सर तिथंच बाकड्यावर. दादा वाचला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, कळतं सगळं, बोलत राहा, कधी येईल वाचा तर येईल. दादाला घरी नेलं. अंगणात बाज टाकली, तिथून सगळं रान दिसतं, बांधासकट.

फोन चालू राहिला. वहिनी तो दादाच्या कानाशी धरत. पण आता सर म्हणायचे, "जय भीम, दादा. बरा हायेस ना? औषध घेतलंस? जिवाला जप." मी ते गच्चीवर ऐकलं आणि खाली आलो. त्या शब्दांत वाईट काही नव्हतं, पण ऐकवत नव्हतं. मंगलही बदलली. पिंपात मीठ पडल्याचा आवाज आला तरी गप्प बसायची. वाटीभर भाजी झाकून वर पाठवायची. गल्लीतले लोक सरांशी हळू आवाजात बोलायला लागले. दुःखात असलेल्या माणसाशी सगळे फार गोड वागतात. मला विचाराल तर तो एक छळच आहे.

तूर फुलावर आली आणि बांधालगतच्या झाडांनी माना टाकल्या. वहिनींनीच निरोप दिला, "भाऊजी, आता टाका तुमचं औषध. अडवणारं कोण राहिलंय?"

सरांनी दोन कॅन भरले. एक त्यांच्या हातात, एक माझ्या. नेकनूरच्या बसमध्ये आम्ही ते मांडीवर घेऊन बसलो. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी होईल. मी मोजणी खात्यात शिकलेलं विसरून आशा धरली, ती ही एकदाच.

रानात दादा बाजेवर उशीला टेकून बसलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र तेच. सर बांधावर गेले, कॅन खाली ठेवला. तिथून बाज हाकेच्या अंतरावर.

"दादा, टाकू का?"

दादा बघत राहिला.

"टाक म्हण. न्हाई तर न्हाई म्हण."

वहिनी म्हणाल्या, "टाका की भाऊजी, त्यांना कुठं..."

"त्याला इचारतोय मी!" सर ओरडले. मग खाली बसले. बांधाची माती मुठीत घेऊन बघितली. मग उठून गड्याच्या खोपीतलं फावडं आणलं आणि बांध कोरायला लागले. दादाच्या बाजूचा.

"बघ, दादा! कोरतोय मी! तुझा बांध कोरतोय! बघतोस काय नुसता? दे शिवी!"

माती उडायला लागली. शेजारच्या रानात कापूस वेचणीला आलेले लोक उभे राहिले. त्यातला एक जण तिथूनच ओरडला, "मास्तर, भाऊ आडवा पडलाय अन् बांध कोरताय? लाज हाय का न्हाई?" त्याचं चुकलं नव्हतं. दिसत तसंच होतं. मी कोरलेले बांध हजारो पाहिलेत, रडत रडत कोरणारा माणूस पाहिला नव्हता. मला कळत होतं हे काय चाललंय. बशीत जे होतं ते इथे करायचं होतं. शेजाऱ्यानं रेटलं की गप्प बसलेला जागा होतो. तो माणूस आयुष्यभर एवढं एकच शास्त्र शिकला होता आणि तेच घेऊन भावाच्या दारात आला होता.

दादाचा डावा हात बाजेवर हलला. वहिनींना दिसलं. त्या उठल्या, एक ढेकूळ उचललं आणि दादाच्या डाव्या हातात दिलं. "मारा," त्या म्हणाल्या. "मारा तुमच्या भावाला. द्या एक ठिवून."

सरांनी फावडं टाकलं आणि छाती पुढं काढून उभे राहिले. "मार, दादा," ते हळूच म्हणाले.

डावा हात चांगला होता. दादानं ढेकूळ घट्ट धरलं, हात उचलला. उचलून तसाच धरला. भावाकडे बघत राहिला. मग हात हळूहळू खाली आला, मुठीत ढेकूळ फुटलं, आणि माती वाकळेवर सांडली. दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मारलं नाही त्यानं.

सर थोडा वेळ तसेच छाती काढून उभे होते. मग खाली वाकून त्यांनी बांध परत भरायला घेतला. ढेकूळ ढेकूळ जागेवर ठेवलं, हातानं चोपलं. मीही बसलो भरायला. मोजून मापून, होता तस्सा करून दिला. आयुष्यात मी केलेली ती शेवटची मोजणी.

कॅन आम्ही भरलेलेच परत आणले. बसमध्ये मला राहवेना. "सर, टाकून यायचं होतं. वहिनी हो म्हणत हुत्या. तूर वाचली असती एखाद्या वेळी."

"दादानं हो म्हटलं न्हाई."

"अहो, त्यांना बोलता येत न्हाई!"

"म्हणूनच," सर म्हणाले. खिडकीतून बाहेर बघत बोलत होते. "त्याला न्हाई म्हणता आलं असतं ना, तर मी त्याचं ऐकलं नसतं. दडपून टाकलं असतं. ढेकळं खाल्ली असती. आता कसं टाकू? ज्याला न्हाई म्हणता येत न्हाई, त्याच्या रानात पाय कसा ठिवू?"

 पायाशी कॅनमधलं औषध बसच्या धक्क्यानं डुचमळत होतं.

दादाची तूर त्या वर्षी बांधापासून विहिरीपर्यंत मरीनं गेली. दादाची वाचा आली नाही. अजून आलेली नाही. डॉक्टर आता 'येईल' म्हणत नाहीत.

सर पुन्हा गच्चीवर येतात. फोन विटेवर, झाकण बाजूला, करंगळी पाण्यात. आता ते गोड बोलत नाहीत. पूर्वीसारखंच बोलतात.

"जय भीम, दादा." मग थांबतात. 'हायस का अजून?' एवढं म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. "हाय. बांध किती कोरलास?" मग जरा जास्त थांबतात, कारण तिथे दादाचं बोलणं लांब असायचं. "आज समुद्र अळणी हाय." पुन्हा थांबतात. मग मान हलवतात आणि फोन बंद करतात. पलीकडे वहिनी फोन धरून उभ्या असतात आणि दादा ऐकत असतो, असं वहिनी सांगतात.

परवा ते भाजीची रिकामी वाटी द्यायला खाली आले. वाटी मंगलच्या हातात दिली, पण गेले नाहीत. दारातच उभे.

"वहिनी, एक इनंती होती."

"बोला ना सर. काय करून देऊ?"

"पाण्यावरनं भांडा की जरा पहिल्यासारखं. सगळीच माणसं लई गोड झालीत."

मंगल वाटी हातात धरून आत आली आणि माझ्याकडे पाठ करून ती स्वच्छ वाटी पुन्हा घासायला लागली. मी पेपर वाचत होतो, म्हणजे धरून बसलो होतो.

आज सकाळी नळ आला. वर मीठ पडल्याचा आवाज आला, बांबूचा आवाज आला. मंगलनं हात पुसले, पदर खोचला आणि जिन्याच्या तळाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सर!" तिनं आवाज चढवला. "गावाला प्यायला पाणी न्हाई..." आणि तिनं खोचलेला पदर उपसून डोळ्यांना लावला. पुढचं येईना.

जिन्याच्या वरच्या टोकाला सर आले. करंगळीवरून पाणी ठिबकत होतं. ते वाट बघत उभे राहिले.

"पुढं?" ते म्हणाले. "म्हणा की. 'अन् हे बाबा...'"

"अन् हे बाबा," मंगल रडत रडत म्हणाली, "गोड्या पाण्यात मीठ कालवायलेत!"

सरांनी डोळे मिटून ते ऐकलं, चाखून बघतात तसं. मग मान हलवली.

"दादाच्या मानानं लई मऊ हाय," ते म्हणाले. "पण चालंल. उद्या बी या."